ओवळीपासून अकरा आणे

त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चोर पकडून झाडाला बांधून घातलाय. जवळ गेलो तर झाडाला साखळी होती आणि तिचं दुसरं टोक याच्या हातात. साखळी ताणून धरून तो ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्या, झाडाभोवती अर्धा गोल चालत जायचा, तिथून वळून पुन्हा तेवढाच मागे यायचा. घाणेरीच्या जाळीत शिरायचा, ओरबाडून निघायचा, दर तीन-चार पावलांवर थांबून पायाखाली बघायचा. डोक्यावर साहेबी टोपी, खाकी अर्धी चड्डी, पाय उघडे. वय साठीच्या आसपास असेल.

मी विचारलं, "काय हरवलां काय?"

"व्हय. बायल."

मी हसलो. तो हसला नाही.

"खंय हरवली?"

"अकरा आण्यार," म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

ती जागा म्हणजे आमच्या गावच्या मोडक्या इगर्जीची मसणवट. इगर्ज म्हणजे किरिस्तावांचं देऊळ. मी तेव्हा तिशीतला गडी, धंद्याने गवंडी. चौथीत असताना बापाने पाटी काढून घेऊन चिऱ्याच्या खाणीवर नेलं ते कायमचं, त्यामुळे लिहायला बसलो तर अक्षरं अशी वेडीवाकडी येतात. ते चालवून घ्या. हे लिहायचं कारण एवढंच, की या माणसाबद्दलची एक गोष्ट दोघांनाच माहीत होती. एक मी आणि दुसरी माझी बायको. ती गेल्या श्रावणात गेली. आता मी एकटाच राहिलो आणि एकट्याकडे ठेवायची ही गोष्ट नाही.

गावात त्याला साखळीबाब म्हणत. खरं नाव लिहीत नाही, त्याचा पुतण्या अजून मुंबईत आहे. साखळीबाबाने सरकारी मोजणीखात्यात तीस वर्षं साखळी ओढली. सर्व्हेअर छत्रीखाली बसून कागदावर रेघ मारणार आणि हा उन्हात साखळीचं टोक धरून उभा राहणार. दोडामार्गच्या रानापासून जामसंड्याच्या कातळ सड्यापर्यंत याने पायाखाली घातलं नाही असं शेत नव्हतं. शेवटची आठ वर्षं खानदेशात काढली आणि पेन्शनीत निघाला तेव्हा खात्याने मोडीत काढलेली एक साखळी मागून घेऊन गावी आला. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. आणे म्हणजे पैसे नव्हेत. साखळीचे सोळा भाग पाडलेले, प्रत्येक भागाला पितळेची खूण, एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. ती साखळी तो दर रविवारी खोबरेल लावून पुसायचा. जेवायला कधी खोबरेल कमी पडलं तर कोरडं खायचा, पण साखळीचं चुकवायचा नाही.

"जवळच आसा," असं त्याच्यासमोर कोणी म्हटलं की संपलं. "जवळ म्हणजे किती?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न. माझं घर त्याच्या घरापासून एकोणीस साखळ्या. देवळाचं तळं चाळीस नि चार आणे. पोस्टमन नवीन आला तेव्हा त्याला याने सगळ्या गावाचे पत्ते साखळ्यांत सांगितले. तो बिचारा कुडाळचा, दोन दिवस भोवंडला.

मासळीवालीकडून सुरमई घेताना हा खिशातून दोरा काढायचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत मोजायचा आणि म्हणायचा, काल याच भावात दोन बोटं मोठी होती. ती एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, तुमी नुस्तां खातलास, की तेच्यार घर बांधतलास?" सगळा बाजार हसला. याने दोरा गुंडाळला आणि शांतपणे सांगितलं, की घर बांधायचं तर शेपटीकडे वाट सोडावी लागेल.

दोघा भावांचा बांधावरून तंटा होता. दोघांनी वेगवेगळं येऊन याला सांगितलं, तू मोज, पण माझ्या बाजूने मोज. याने भर दुपारी दोघांना दोन बांधांवर उभं केलं, मोजलं आणि निकाल दिला, की धाकट्याने थोरल्याची जमीन खाल्लेली नाही आणि थोरल्याने धाकट्याचीही नाही, दोघांनी मिळून पाणंदीची वाट खाल्लीय. दोघे भाऊ एक झाले आणि याच्याशी बोलायचे बंद झाले. याला त्याचं काही वाटलं नाही. आकडा बरोबर आला होता.

डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. डोळे फसवतात म्हणायचा. एखादी खूण करून ठेवावी, दगड पुरावा, तर तेही त्याला नको. खानदेशात त्याने पुष्कळ दगड रात्रीतून सरकलेले बघितले होते. "निशाणी चोरतत रे," तो मला म्हणाला होता. "आकडो कोण चोरतलो?"

आता त्याची बायको हरवली कशी ते सांगतो.

तिचं नाव नातालीन. लढाईच्या दिवसांत तापाची साथ आली त्यात ती गेली. हा मोजणीवर लांब कुठेतरी. तार पोचून हा येईपर्यंत पंधरा दिवस झाले होते. त्या साथीत किरिस्तावांत एवढी माणसं गेली, की पेट्यांना फळ्या पुरल्या नाहीत. सासूने याला नेऊन दाखवलं, ही इथे आहे. ताजी माती होती, वर लाकडी खुरीस, म्हणजे क्रूस, रोवलेला. दुसऱ्या नवऱ्याने तिथे बसून रडलं असतं. हाही रडला असेल, मला माहीत नाही. पण त्याने केलं काय, तर सोबतची साखळी काढली आणि मोजलं. ओवळीच्या झाडापासून दर्याच्या अंगाला अकरा आणे. इगर्जीच्या दरवाज्याच्या उजव्या खांबापासून एक साखळी नि तीन आणे. हे दोन आकडे त्याने पाठ केले आणि नोकरीवर परत गेला. खुरीस आमच्या हवेत पाच पावसाळे टिकला तरी खूप. पण याला खुरसाची पर्वा नव्हती. झाड हलत नाही आणि इगर्ज तर नाहीच नाही, असा त्याचा हिशेब.

इथे तो चुकला. आमच्या गावात इगर्ज हलली.

साथीनंतर किरिस्तावांची घरं उठली. कोण गोव्याला, कोण मुंबईला, उरलेले बंदराकडे. बंदरावर नवीन इगर्ज झाली, पाद्री तिकडे राहायला गेला. जुनीचं छप्पर एका पावसात खाली बसलं. मग गावाने चिरे न्यायला सुरुवात केली. घडीव, जुना, पाणी पिऊन पक्का झालेला चिरा, फुकट. कोणाच्या विहिरीला गेला, कोणाच्या गोठ्याला, कोणाच्या गडग्याच्या कुंपणाला. एक-एक चिरा करत समोरची भिंत, दोन्ही बाजू, घंटेचा मनोरा सगळं गावात पसरलं. उरली फक्त मागची भिंत, तिच्यात मूर्तीचा रिकामा कोनाडा आणि कोनाड्यात उगवलेला पिंपळ. हा पेन्शनीत निघून आला तेव्हा झाड जागेवर होतं आणि खांब नव्हता. दरवाजाच नव्हता. दरवाजा जिथे होता तिथे घाणेरी माजली होती आणि शेरडं बसत होती.

एका आकड्याने जागा सापडत नाही, हे मला त्याने काडीने जमिनीवर रेघ मारून समजावलं. झाडापासून अकरा आणे म्हणजे झाडाभोवतीचा सबंध अर्धा गोल. त्या गोलावर कुठेतरी नातालीन. दुसरा आकडा त्या गोलाला जिथे कापेल तिथे ती. पण दुसरा आकडा मोजायचा कुठून? मागच्या भिंतीवरून दरवाज्याची जागा काढली असती, तर इगर्जीची लांबी त्याने कधी मोजली नव्हती. आयुष्यभर लोकांचं मोजलं आणि तेवढं एक राहून गेलं. ते सांगताना तो पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलला.

झाडाचंही त्याला सुख नव्हतं. झाड जाड होतं. दर वर्षी तो ओवळीच्या बुंध्याला दोरा गुंडाळून बघायचा, किती वाढली, आणि बुंधा जेवढा बाहेर आला तेवढं अकरा आण्यांतून वजा करायचा. एकदा मी म्हटलं, बोटभर फरकाने काय होतं. तर म्हणाला, बोटभर म्हणत म्हणतच माणूस दुसऱ्याच्या थडग्यावर जाऊन बसतो.

एवढं सगळं कशासाठी, तर त्याला तिच्या शेजारी पुरून घ्यायचं होतं. जुनी मसणवट बंद झाली होती, सगळ्यांना बंदरावर नेत. पण बंदरावरच्या पाद्रीने त्याला शब्द दिला होता, की तुझ्या बायकोची जागा नक्की दाखव, तर तुझ्यापुरती मी परवानगी आणतो. नुसतं इथेच कुठेतरी आहे म्हणालास तर नाही. कोणाच्या हाडांवर कुदळ पडेल त्याचा पत्ता नाही. साखळीबाबाला हे पटलं होतं. उलट पाद्रीबद्दल त्याचं मत चांगलं झालं, हाही 'कुठेतरी'ला मानत नाही म्हणून.

मग तो खांबाच्या शोधाला लागला. घरोघर जाऊन विचारायचा. कोणी म्हणालं दरवाजा पिंपळाच्या समोर होता, कोणी म्हणालं थोडा कडेला. म्हाताऱ्यांनी हात करून दाखवलं, प्रत्येकाचा हात वेगळीकडे. लोक बोलायला बिचकत होते हेही खरं. प्रत्येकाच्या घरात इगर्जीचा चिरा. आज दरवाजा विचारतोय, उद्या चिरे परत मागेल, पाद्री येईल, मामलेदार येईल.

एके दिवशी माझ्याकडे आला. मी खाणीवर होतो. म्हणाला, तू गवंडी, तुला दगडाची जाण. समोरची भिंत कोणी उतरवली माहीत आहे का?

मी म्हटलं, "माका म्हायत नाय, बाब."

ते खोटं होतं. उजवा खांब मी काढला होता.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी. घरापुढे बसायला ओटी नव्हती आणि सासरा म्हणाला होता, ओटी नसलेल्या घरात पोरगी देत नाही. दोन मजूर आणि मी, तीन दिवसांत तो खांब उतरवला. वरचे चिरे नेले आणि पायातलेही उपसून नेले, कारण पायातला चिरा सगळ्यांत कठीण. चोरी वाटली नाही. सगळे नेत होते. याच्यासमोर उभं राहून खोटं बोललो तेव्हा मात्र चोर झालो, आणि एकदा 'माहीत नाही' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी 'माहीत आहे' म्हणणं फार जड जातं. अशी तीन वर्षं गेली. तो वाटेत भेटला की मी आधी बोलायचो, हवेबद्दल, नाहीतर माशांबद्दल. त्याने दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. त्याच्या हिशेबी माझं नाव तपासून झालं होतं.

नोव्हेंबराच्या सुरुवातीला किरिस्तावांचा मेलेल्यांचा दिवस असतो. बंदरावरून, कधी मुंबईहूनही माणसं यायची, आपापली थडगी साफ करून मेणबत्त्या लावायची. खुणा गेल्या होत्या, पण साखळीबाब असायचा. इतरांची थडगी त्याने म्हाताऱ्यांना विचारून, मागच्या भिंतीवरून आणि झाडावरून मोजून पक्की केली होती. तुझा बाप भिंतीपासून नऊ आणे, तुझी मावशी तिच्या पायाकडे. लोक तिथे बसून प्रार्थना करत, याला पाव आणि केळी देऊन जात.

माझ्या खोट्याच्या तिसऱ्या वर्षी त्या दिवशी मी आणि बायको तिच्या माहेराहून परत येत होतो. सूर्य नुकताच टेकला होता. मसणवटीत इकडेतिकडे दोन-दोन, तीन-तीन मेणबत्त्या, आणि ओवळीपाशी एक सबंध कमान पेटलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने. हा शेवटच्या मेणबत्तीला हाताचा आडोसा करून उकिडवा बसला होता.

बायको थांबली. तिला याचं काही माहीत नव्हतं, साखळीबाब म्हणून हसायची तेवढंच. गडग्याजवळ गेली आणि तिने विचारलं, "बाब, इतकी माणसां तुमची?"

"एकच गो बाय," तो म्हणाला. "दर आण्याक एक मेणबत्ती. चौतीस आसत. तेतली एक तिच्यार पडताच."

 घरी आल्यावर तिने मला खोदून खोदून विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. दोन आकडे, खांब, पाद्री. माझं खोटंही सांगितलं. ती ओटीवर बसली होती. ऐकता ऐकता उठून उभी राहिली.

पुढले आठ दिवस ती ओटीवर बसली नाही. तांदूळ निवडायचे तर अंगणात सूप घेऊन बसायची. शेजारणी आल्या तर त्यांनाही अंगणात. मी म्हटलं, दगड आहे तो, चावतो काय? तर म्हणाली, "दगडाचां सांगू नकात. तो म्हातारो पावसात गोल गोल फिरता आणि तुमी हय चाय पितास. तेका जावन सांगा." मी म्हटलं, गावाची बोलणी कोण खाणार? ती म्हणाली, बोलणी ती खाईल, तिची सवय आहे. सासूची खाल्ली, गावाची काय.

नवव्या दिवशी मी गेलो. तो दारात साखळीला खोबरेल लावत बसला होता. मी उभ्यानेच बोलून टाकलं.

"बाब, तो खांब मी काढलंय. माझ्या ओटीक लावलंय."

त्याचा हात थांबला. "खंय होतो?"

"माझ्या ओटीक, उजवे बाजूक..."

"आता खंय आसा ता नको. तेव्हा खंय होतो ता सांग."

मी रागाची, शिव्यांची तयारी करून गेलो होतो. तीन वर्षं खोटं का बोललास, एवढं तरी विचारेल असं वाटलं होतं. त्यातलं काही आलं नाही. तो साखळी खांद्यावर टाकून निघालासुद्धा. वाटेत फक्त विचारत होता, पाया किती खोल होता, खाली चुना होता की नुसती खडी, दार कुठल्या बाजूला उघडायचं. मोजणीला लागतं तेवढंच.

मी कोयत्याने घाणेरी तोडली, कुदळीने वरची माती ओढली. कमरेइतकं खणल्यावर पांढरा पट्टा लागला. पायाखाली घातलेला चुना आणि खडी. मला हायसं वाटलं. मग पट्टा साफ करत गेलो, तर तो संपेना. पट्टा लांबच लांब होता. समोरच्या भिंतीचा पाया आणि खांबाचा पाया एकाच पट्ट्यावर, आणि वरचे चिरे तर मीच उपसून नेलेले. खांब या टोकाला होता की दोन हात अलीकडे, हे सांगणारं तिथे काही नव्हतं. मी आठवून बघितलं. तो दिवस आठवला, मजूर आठवले, त्यांतल्या एकाचा अंगठा चिऱ्याखाली चेचला होता तेही आठवलं. खांब नेमका कुठे ते आठवेना.

मी पहार एका जागी टेकवली. म्हटलं, हय.

"पहार जाड आसा," तो म्हणाला. "बोट लाव."

तो खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसला होता. टोपी काढून ठेवलेली. एवढी वर्षं मी त्या माणसाला पाहत होतो, पण त्याच्या चेहऱ्यावर काही मागितल्यासारखं कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं. मी बोट लावलं.

"नक्की?"

"नक्की."

मग त्याने साखळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि बोटाच्या जागी धरून ठेवायला सांगितलं. इतकी वर्षं हे काम तो झाडाकडून करून घेत होता. ओवळीवरून अकरा आण्यांचा गोल त्याने आधीच काडीने मारून घेतला होता. आता माझ्याकडून एक साखळी मोजली, जिथे संपली तिथे खुंटी मारली, खुंटीवरून तीन आणे. दोन रेघा एकमेकींना भेटल्या तिथे तेरड्याची वाळकी झुडपं होती. खास असं काही नाही. त्या जागेवरून तो शंभरदा चालला असेल, मीही बैलाला पाणी पाजायला तिथूनच नेत असे.

 तो खाली बसला आणि तेरडा उपटून बाजूला ठेवत, शेजारणीशी बोलावं तसा म्हणाला, "हयसर आसंस? सात वर्सां माका झाडाभोवती फिरवलंस गो." आणि तिला गावातलं सांगायला लागला. कोण मेलं, कोणाचं घर विकलं, तिची आई शेवटी कशी गेली. मी कुदळ उचलून निघून आलो. तिथे माझं काम नव्हतं.

पाद्री पंधरा दिवसांनी सायकलवरून आला. तरुण होता, पुस्तकी मराठी बोलायचा. खड्डा बघितला, रेघा बघितल्या. साखळीबाबाला नुसती मान डोलावली आणि मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "त्यांना आता कुठलीही जागा दाखवली तरी ती खरीच वाटेल. तुमचा यात काही लाभ नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. खांब तिथेच होता?"

तेव्हा सांगता आलं असतं. दोन हात मागेपुढे असेल म्हणालो असतो, तर परवानगी गेली असती आणि साखळीबाब बंदरावर अनोळखी लोकांत पुरला गेला असता. तिकडे तो गडग्याला टेकून आमच्याकडे बघत होता. मी पाद्रीच्या डोळ्यांत बघून होय म्हटलं. त्याने माझा हात हातात घेतला. माझ्या हाताला माती होती, त्याच्या झग्याची बाही खराब झाली.

कागद आला. साखळीबाब त्यानंतर दोन वर्षं जगला. त्या दोन वर्षांत त्याने काही मोजलेलं मला आठवत नाही. साखळी भिंतीला टांगली ती टांगली. सुरमई मागेल त्या भावाने घ्यायला लागला तेव्हा मासळीवाली घाबरली, आमच्या घरी येऊन म्हणाली, बाबाक बरां नाय काय? आमच्या ओटीवर येऊन तो चहा प्यायचा, बरोबर त्या चिऱ्यांवर बसून. बायकोही पुन्हा ओटीवर बसायला लागली होती. चिऱ्यांवर हात फिरवून तो एकदाच म्हणाला, बरे बसवलेस. बायकोने त्याला विचारलं, बाब, तुमी गेल्यावर तुमका तिच्या खंयच्या अंगाक ठेवूचां? म्हणाला, उजव्या. मध्ये एक आणा सोडायचा. ती झोपेत हात टाकायची, तेवढी जागा लागते.

आषाढात गेला. बोटी बंद, पुतण्याला मुंबईहून येणं जमलं नाही. खड्डा मीच खणला, सोबत बंदरावरचे दोन किरिस्ताव. पावसाने जरा उघडीप दिली होती. साखळी भिंतीवरून काढून आणली, मोजलं, एक आणा सोडला आणि लागलो. कमरेला गेलो, छातीला गेलो. खणता खणता माझी नजर सारखी डाव्या अंगाच्या मातीवर. गवंड्याला कळतं. एकदा उकरलेली माती वेगळी असते, रंग बदलतो, कुदळ तिच्यात मऊ जाते. दोन हातांवर माणूस पुरलेलं असेल तर कडेला तरी काही दिसावं. लाल कातळी माती होती, घट्ट. मी हाताने चाचपून बघितली. डाव्या भिंतीत पहार आणखी एक हात आडवी घातली असती तर कळलं असतं, ती तिथे आहे का नाही. पहार हातातच होती. ते दोघे वर पाण्याला गेले होते. मी नाही घातली. वर आलो आणि त्यांना सांगितलं, झालं, आणा.

पाद्री आला, प्रार्थना झाली, माती झाली.

घरी आलो तेव्हा बायको मागल्या दारी कळशी घेऊन उभी होती, मसणवटीतून आलेल्याला असंच घरात घेत नाहीत म्हणून. तिच्यासमोर उभा राहून मी सगळं ओकलो. पट्टा किती लांब होता, बोट कसं लावलं, पाद्रीला काय सांगितलं, माती कशी निघाली. म्हटलं, माझा अंदाज चुकला असेल तर तो माणूस भलत्याच कोणाच्या शेजारी झोपलाय. निदान दोन हातांचा तरी फरक असणार.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन हात ना? घोव-बायलेत तितकां अंतर असताच."

आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं.